चाकं जमिनीवर ठेवूनच

मी, बर्नाडीन वोयचिक, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर, हल्ली स्वतःच्या गुडघ्यांची निगा, राहणार टोलीडो, ओहायो, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. येत्या गुरुवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. घाबरण्यासारखं काही नाही असं ते म्हणतात, पण फारच वेळा म्हणतात. माझं डोकं ठिकाणावर आहे, हात किंचित थरथरतो. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावाच कोणी.

यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. माझ्या भावाबद्दल त्यांत जे लिहिलं होतं ते खोटं होतं. कसं, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहतं घर माझी मुलगी लोरेन हिला. हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचं कामही तिचंच. तळघरात पाणी येतं. घर विकलंच तर घेणाऱ्याला ते आधी सांगावं. आईची पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लाटायची फळी मात्र विकू नये. ती फळी पोलंडहून आली आहे आणि माझ्यापेक्षा कमी कुरकुरते.

कलम दोन. बँकेतली शिल्लक निम्मी लोरेनला, निम्मी आमच्या चर्चला, शुक्रवारच्या मासळीच्या जेवणासाठी. अट एकच: शेजारच्या हॅल बेकरला कढईपाशी उभं करू नये. तीन वर्षं त्याने कच्चा मासा वाढला. मी बोलले तर वर मलाच म्हणतो, "बर्नी, तुझा जन्म वेल्डिंगमध्ये गेला. तुला सगळं जळकंच लागतं!"

कलम तीन. वेल्डिंगचं मशीन, हातमोजे आणि हेल्मेट गावातल्या वेल्डिंगच्या शाळेला द्यावं, आणि ते एखाद्या मुलीच्या हाती पडेल असं बघावं. हेल्मेटच्या आत मी खडूने लिहिलं आहे, "आधी बघ, मग पेटव." एकतीस वर्षांत मी हे एकदाच विसरले.

कलम चार. गॅरेजमधली लाल मस्टँग, सन एकोणीसशे सत्त्याऐंशी, माझा धाकटा भाऊ स्टॅनली वोयचिक याला. तिच्यात निम्मा हिस्सा त्याचा होताच. उरलेला निम्मा मी देते, आणि सोबत हा कबुलीजबाब.

या गाडीला खाली अखंड सांगाडा नाही. पुढे एक चौकट, मागे एक चौकट आणि मध्ये नुसता पातळ पत्रा. इंजिनाचा जोर वाढवला की गाडी मधोमध पिळवटते. म्हणून दोन्ही चौकटी जोडणाऱ्या पोलादी नळ्या खालून बसवतात. त्यांना आम्ही कनेक्टर म्हणतो. कोणते घ्यायचे यावरून आमचं महिनाभर वाजलं. स्टॅन म्हणायचा, बोल्टने कसायचे घेऊ, चुकलं तर काढता येतील. मी म्हणायचे, बोल्ट ढिले होतात, वेल्ड होत नाही. त्याला आखूड हवे होते. मला लांबलचक, सीटखालच्या पत्र्यालाही आधार देणारे. शेवटी माझंच खरं झालं. ती निवड बरोबरच होती, हे मी मरेपर्यंत म्हणणार आहे.

माती खाल्ली ती पुढे. चौऱ्याण्णवचा ऑगस्ट, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पाव मैलाची शर्यत. गाडी जॅकने उचलून चार लोखंडी स्टँडवर ठेवली होती, चाकं हवेत लोंबत होती. स्टॅन दुकानांना पाव पोचवून थेट गॅरेजमध्ये आला आणि बघतच राहिला.

"बर्नी, अगं आधी चाकं टेकव. अशी अधांतरी असताना वेल्ड मारलीस तर वाकडीच्या वाकडी राहील ती."

"वेल्डर कोण, तू की मी? तू आपली पावाची गाडी हाक."

गाडी उतरवून रॅम्पवर चढवायला तासभर लागला असता. तेवढा धीर मला निघाला नाही. मी तशीच वेल्ड मारली. काम करायला चालकाच्या बाजूचं दार काढलं होतं, तेही गाडी हवेत असतानाच बसवलं. टक्‌कन लागलं. मी स्टॅनला म्हटलं, "बघ!"

सकाळी दार न उघडताच, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरत, गाडी ट्रेलरवर चढवली. ट्रेलर स्टॅनने हाकला. दार पहिल्यांदा उघडलं ते शर्यतीच्या मैदानावर, आणि मग काही केल्या लागेना. तपासणीवाला म्हणाला, "दार लागत नाही? मग शर्यत नाही. घ्या बाजूला." मी चारचौघांत स्टॅनवर ओरडले, "ट्रेलरवर आपटलीस ना? तुझ्या हातात काही द्यायची सोय नाही!"

"मी आपटली नाही," एवढंच तो म्हणाला. चावी बॉनेटवर ठेवून निघून गेला. आईला पुरलं त्या दिवशीही आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो होतो.

गेल्या महिन्यात सायलेन्सर बदलायला मी गाडी पुन्हा त्याच चार स्टँडवर चढवली. सहज दार ढकललं. टक्‌! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. चाकांवर उतरवली, दार अडकलं. चढवली, लागलं. तीनदा करून पाहिलं. दार मी हवेत वाकलेल्या गाडीला बसवलं होतं, आणि तो वाकडेपणा वेल्डने पक्का केला होता. मग तिथेच फरशीवर बसून मी रडले. ट्रेलर नाही, स्टॅन नाही, मी. मला फार लाज वाटते, आणि ती इथे शाईने लिहून ठेवते.

कलम पाच. सदर गाडी ताब्यात देण्यापूर्वी माझी वेल्ड कापून काढावी आणि नवे लांब कनेक्टर बसवावेत. चारही चाकं जमिनीवर किंवा रॅम्पवर, गाडीचा भार चाकांवर. बॅटरीची तार काढावी, आतला गालिचा उचलावा, आणि कोणीतरी पाणी घेऊन आत बसावं. गालिचा पेट घेतो. आधी नुसते टाके मारावेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. निवू द्यावं. प्रत्येक वेळी दार लावून पाहावं. घाई करणाऱ्याला गॅरेजबाहेर काढावं, मग तो कोणी का असेना.

सही करण्यापूर्वी आणखी थोडं. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम स्टॅनला बोलावलं, म्हणजे कलम चार त्याला वाचावंच लागेल. लोरेन त्याला इथे गॅरेजमध्ये घेऊन आली. त्याने उभ्याउभ्या वाचलं, पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आणि पेन उचललं. तेवढ्यात माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "थांबा. साक्षीदार झालात तर गाडी तुम्हाला मिळणार नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग मी नाही सही करत."

पंचवीस वर्षांनी ऐकलेलं त्याचं पहिलं वाक्य हे. मला वाटलं, संपलं. चूक कबूल केली, पण फार उशिरा.

"गाडी हवीय मला," तो म्हणाला. गुडघे धरत वाकला आणि गाडीखाली डोकावला. "गुरुवारला अजून पाच दिवस आहेत. मरायच्या आधी कर ना स्वतःच. वेल्डर तूच आहेस. फक्त जॅकला हात लावायचा नाही."

"माझा हात थरथरतो, स्टॅन."

"मी धरतो."

म्हणून कलम पाच तूर्त राखून ठेवते. काम माझ्या हयातीत झालं तर ते रद्द समजावं.

सही: बर्नाडीन वोयचिक

साक्षीदार एक: ग्लोरिया टटल, वकील.
साक्षीदार दोन: हॅल बेकर, शेजारी. कलम दोन मान्य नाही, तरी सही करतो.

तारीख: शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९
ठिकाण: टोलीडो, माझ्या गॅरेजमध्ये, गाडीशेजारी. चारही चाकं जमिनीवर.