सोन्याचा गुडघा

माय, तुझ्या बहिणीनं काल पुन्हा मला दारातून परत पाठवलं. आतून सुनेला हळूच म्हणाली, "घरात न्हाई म्हण." अंथरुणाला खिळलेली बाई जाणार कुठं? माझे कान तुला ठाऊक आहेत. ओट्यावर केळी ठेवली आणि तिच्या गावाहून, गोरेगावहून, हिंगोलीची जीप धरली.

तुझा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा मी डॉक्टरांना आधी तुझ्या गळ्याचं सांगितलं. नकली डोरल्यानं तुझी कातडी सोलवटायची, खाजवून रक्त निघायचं. ते म्हणाले, मग साधा सांधा नको. धातू अंगात उतरू नये आणि झीजही कमी व्हावी म्हणून वरून कडक लेप दिलेला घेऊ. नमुना दाखवला, पिवळाधमक. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत दुकान उभं केलेला माणूस मी. किल्लीनं घासून बघितलं, ओरखडा उठेना. बाहेर येऊन तुला सरळ सांगितलं की हे सोनं नव्हे, केसाहून पातळ लेप आहे. तू म्हणालीस, "व्हय, कळलं. आता कोणापाशी बोलू नको." तू चालायला लागलीस आणि गावभर झालं, लेकानं म्हातारीच्या गुडघ्यात सोनं घातलं. तू बायांमध्ये पाय पसरून बसायचीस आणि म्हणायचीस, "चोर आला तर त्याला पायच न्यावा लागंल." जन्मभर तुझ्या गळ्यात गुंजभर सोनं नव्हतं. मी शेजारी बसून हसायचो.

तू गेल्यावर सावडायच्या दिवशी राखेतून सांधा निघाला तो काळानिळा. एवढ्या आगीत तो लेप रंग सोडणारच, हे मला कळत होतं. मावशीनं तो पदरानं पुसला, पुन्हा पुसला. "सोनं कुठं गेलं रे?" "सगळ्याच्या आधी तूच आला हुतास ना हितं?" आलो होतो, राख थंड करायला. सोनं नव्हतंच, एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण तुझं बोलणं ऐकलेल्या सगळ्या बाया तिथं उभ्या होत्या. घरी जाऊन तुला हसल्या असत्या. मी म्हणालो, "मावशे, जाऊ दे." तिला ती कबुलीच वाटली. सांधा अस्थींबरोबर पूर्णेत सोडला. तेव्हाही ती पाठमोरी उभी राहिली.

तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाही. बाजारात मला सगळे शेठ म्हणतात. 'लेकरा' म्हणणारी ती एकटीच उरली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझ्या बहिणीला पोटच्या पोरानं मेल्यावर लुटलं." दुकानात बसल्याबसल्या तेही माझ्या कानावर येतं. गिऱ्हाइकाशी हसत बोलत राहतो.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहितो. माय, इतकी वर्षं तुझ्यासाठी गप्प राहिलो हे खरं, पण कालचं तसं नव्हतं. तिनं नुसतं 'आत ये' म्हटलं असतं, तर मी सगळं सांगून टाकणार होतो.