रिकामी बशी मोजायची राहिली

२ फेब्रुवारी, सेंदाई
पदवीसाठी माझ्या चूर्णाची कार्यक्षमता ऐंशी टक्के यावी लागते. म्हणजे निळ्या प्रकाशाचे शंभर कण गिळले, तर हिरव्याचे ऐंशी परत दिले पाहिजेत. आजचे रीडिंग एकतीस. सुरुवात म्हणून समाधानकारक.
माझ्या सीनियर इकुमी-सान म्हणाल्या, चूर्ण घालण्याआधी रिकामी बशी रोज मोजत जा, ते रीडिंग वजा करायचे असते. मी ती जानेवारीत एकदा मोजली आहे. बशी काय रोज नव्याने रिकामी होते? (हे मनात.)

५ फेब्रुवारी
संकल्प: शिस्त. महत्त्वाचे ते पिवळ्या हायलायटरने रंगवावे, ही माझी शाळेपासूनची सवय. आजपासून काचेच्या बशीच्या तळालाही पिवळी खूण. इतरांच्या बश्यांत मिसळायला नको. रीडिंग बेचाळीस! शिस्तीचे फळ.

९ फेब्रुवारी
चौपन्न. खूण पुसट झाली होती, ठळक केली.
मोजणी डार्करूममध्ये चालते; तिच्या बाहेरचा लाल दिवा लागला असेल तर आत कोणी येत नाही, दारही वाजवत नाही. जेवणाच्या सुट्टीतही तो लावून ठेवते. भाताचा गोळा अंधारातच खाल्ला. माणसे टाळण्यासाठी नव्हे. उपकरणाला एकांत लागतो.

१३ फेब्रुवारी
खूण आणखी ठळक. एकोणसत्तर.
बाहेर पडले तर इकुमी-सान दारातच. ‘काय गं त्सुगावा, तुझी पत्रं आता याच पत्त्यावर पाठवू का?’ म्हणाल्या. मग पुन्हा तेच: ‘रिकामी बशी मोजलीस?’ मी ‘उद्या’ म्हटले. असूया मानवी आहे. मी क्षमा केली.

१७ फेब्रुवारी
त्र्याऐंशी!!
माझे मार्गदर्शक ओनिशी सर यांना सांगितले. माझी मान इतकी खाली होती की आकडा बहुधा त्यांच्या बुटांनीच ऐकला. सर म्हणाले, ‘वा! उद्याच्या उद्या परिषदेला कळवतो.’ ‘सर, कृपया थांबावे, मी एकदा पडताळून पाहते’ असे वाक्य मी मनात रचले. ते निर्दोष होते. तोवर सर जिना उतरून गेले होते.

१९ फेब्रुवारी, सकाळ
अखेरचे रीडिंग आज. इकुमी-सानचे समाधान व्हावे, केवळ म्हणून रिकामी बशी मोजली. आत चूर्णाचा कणही नाही आणि पडद्यावरच्या आलेखात हिरव्या प्रकाशाचा डोंगर उभा. उपकरण बिघडले असणार. पुन्हा मोजली. पुन्हा डोंगर.
बशी उलटी केली. हायलायटरची खूण खरोखरच फार ठळक झाली आहे.
पुसली. डोंगर सपाट.
चूर्णासह: एकतीस.

दुपार
बाहेर पावले वाजत आहेत. सरांनी सर्वांसाठी मोची, म्हणजे तांदळाचे गोड गोळे, आणली आहे, असे आवाजावरून कळते. ‘मी आधी एक उचलू का?’ असे इकुमी-साननी विचारले. ‘थांब जरा,’ सर म्हणाले, ‘आणि हळू बोला सगळे. तिचं मोजणं चालू आहे.’
संकल्प: पाच मिनिटांत सत्य सांगणे.

त्यानंतर बऱ्याच वेळाने
संकल्प कायम. ‘घाई नको, सावकाश होऊ दे,’ असे सर दाराशी येऊन सांगून गेले. ते इतके भले नसते तर फार सोपे गेले असते.
वाक्य तयार आहे. शब्द चारच: ‘सर, हायलायटर चमकत होता.’
लाल दिवा विझवला.
बाहेर टाळ्या.