मशीन वगळून

ता. १२, सोमवार

चि. भाऊस ताईचे आशीर्वाद.

तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. बोलताना माझा तोल जातो, लिहिताना शब्द निवडता येतात. तुझ्या दाजींचा गुडघा आता बरा आहे. देवाच्या कृपेने आई काल दोन घास जास्त जेवली.

तू बसवलेली गच्चीवरची पॅनेलं मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लेकानं माझ्यासाठी सूर्य कामाला लावलाय." शेजारीण म्हणाली, "पगार काय देता त्याला?" आई म्हणाली, "सकाळचा नमस्कार. कधी कुरकुरला नाही."

आजवर वीज गेली तर तासाभरात यायची. गुरुवारी दुपारी गेली ती आलीच नाही. दिवसभर ढग. संध्याकाळी आईचं ऑक्सिजनचं मशीन शिट्टी मारून बंद पडलं. दाजींनी सिलिंडर जोडेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

दुसऱ्या दिवशी तुझा फिटर आला. बॅटरी खराब झाली का, म्हणून विचारलं.

"नाही ताई, बॅटरी ठणठणीत आहे. दोन पॅनेलं दिवे, पंखे, फ्रीज एवढंच ओढणार. मशीन हिशेबात नव्हतंच."

"अरे, सगळ्यात आधी मी तेच सांगितलं होतं. तीनशे वॅट, दिवसाचे दहा तास."

तो पाना पुसत राहिला. "दादा म्हणाले, मशीन वगळून काढ. उन्हाळ्यापर्यंतचाच प्रश्न आहे, मग एवढी पॅनेलं उगाच पडून राहतील."

काटकसर मला शिकवू नकोस. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई आहे मी. झेपत नाही म्हणाला असतास, तर पंख्याशिवाय राहिले असते. पण तू माझ्या देवघरासमोर उभा राहून म्हणालास, "ताई, निर्धास्त राहा, आईचं सगळं धरलंय."

पॅनेलं आणि बॅटरीच्या मधला तो चार्ज कंट्रोलरसुद्धा तीस अँपियरचा, दोन पॅनेलांना जेमतेम पुरणारा. म्हणजे आई राहिलीच, तर तिसरं पॅनेल जोडायची सोयही तू ठेवली नाहीस.

फिटर बोलत होता तेव्हा आईच्या खोलीचं दार उघडं होतं. आईने सगळं ऐकलं. दिवेलागणीला म्हणाली, "त्याला बोलू नकोस. शाळेतही त्याची उत्तरं चुकायची." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हल्ली सूर्याच्या नोकरीचं कुणाला सांगत नाही.

उन्हाळा संपून महिना झाला.

फिटरला चार पॅनेलं, साठ अँपियरचा कंट्रोलर आणि जोडीला आणखी बॅटरी सांगितली आहे. तू काही पाठवू नकोस. येणार असशील तर ये, आईजवळ बस, ते मशीन चालताना ऐक. माझ्याशी बोलायची घाई नको.

आईला धरून घरात आम्ही तिघं आहोत.

ताई