पियानोला केलेला नमस्कार

आई, आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने रागाच्या भरात पेटीला गुडघा मारला आणि मी काही विचार करायच्या आत तू बोललीस. म्हणजे तोंड माझंच, पण आवाज तुझा: "वाद्याला पाय?" ती बिचारी दचकली आणि तिच्यापेक्षा जास्त मी. तू जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी माझ्या घशात अजून ठाण मांडून बसली आहेस.

माझी लाथ तुला आठवत असेलच, तू काही विसरणाऱ्यातली नव्हतीस. मी तेरा वर्षांची. जर्सी सिटीतलं आपलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, शनिवारची सकाळ, खाली माझ्या मैत्रिणी रोलर स्केट्स घालून थांबलेल्या, आणि तू मला तोच अलंकार पुन्हा पुन्हा वाजवायला लावते आहेस. मी पायाने पेटी ढकलली. ढकलली कसली, सरळ लाथच मारली. तू ओरडली नाहीस. भाता बंद केलास, पेटीवर कपडा घातलास आणि म्हणालीस, "ह्यापुढे हिला हात लावायचा नाही." मला वाटलं, सुटले एकदाची. आठवड्याभरात कळलं की कसली सुटका आणि कसलं काय. तू इतर मुलांना शिकवायचीस आणि मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता ओट्यावर बोटं चालवायचे. सॉरी म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती आणि तू आपणहून विषय काढत नव्हतीस. दोघी सारख्याच हट्टी. असं अख्खं वर्ष गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी आपल्याला काउंटी फेअरच्या जत्रेला नेलं. ते ट्रॅक्टर बघण्यात रमले. तू सहावारी साडी आणि पायात स्नीकर्स, सावली शोधत उघड्या स्टेजसमोरच्या बाकावर येऊन बसलीस, कारण वर पियानो होता. वाजवणारा आला तो पन्नाशीचा, निळा चकचकीत कोट, केस चापूनचोपून बसवलेले. रॉक अँड रोल नुकतं रांगत होतं तेव्हा हा गाजला होता म्हणे; आता दुपारी चारच्या उन्हात, मक्याची कणसं खाणाऱ्या लोकांसमोर वाजवणार होता. "माणूस सभ्य दिसतो," तू म्हणालीस.

पहिलं गाणं त्याने सभ्यपणे वाजवलं. दुसऱ्याला टाचेने स्टूल मागे भिरकावलं आणि उभ्यानेच सुरू झाला. केस तोंडावर आले, कोट कुठेतरी जाऊन पडला, मध्येच तो पट्ट्यांवर बसला काय, उठला काय. आणि मग त्याने उजवा पाय उचलून बुटाची टाच वरच्या पट्ट्यांवर आपटली. पुन्हा आपटली. समोरचे लोक कणसं हातात तशीच धरून उभे राहिले. मी मात्र तुझ्याकडे बघत होते. आता ही उठणार, "चला" म्हणणार, आणि गाडीत घरापर्यंत माझी लाथ पुन्हा निघणार.

"आई, प्लीज, लेट्स गो."

"गप्प बस. त्याचा डावा हात बघ."

मी बघितला. बाकी सगळं अंग वेड लागल्यासारखं आणि डावा हात खालच्या पट्ट्यांवर शिवणयंत्रासारखा एका चालीत. टाच आपटली तेव्हासुद्धा एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. "माझा डावा हात जन्मभर भाता मारण्यात गेला गं," तू म्हणालीस, "आणि हा बघ." तुझं तोंड जरासं उघडं होतं, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, डोळे भरलेले. अजूनही तो दिवस आठवला की अंगावर काटा येतो. तो त्याच्यामुळे की तुझ्यामुळे, मला सांगता येत नाही.

कार्यक्रम संपला, लोक पांगले, आणि तू निऱ्या सावरत सरळ स्टेजच्या पायऱ्या चढलीस. मागोमाग मी, लाजेने मेल्याहून मेल्यासारखी. जिथे टाच पडली होती त्या पट्ट्यांना तू हात लावलास आणि तो हात कपाळाला लावलास. टॉवेलने मान पुसत उभ्या असलेल्या त्या माणसाने मला विचारलं, ह्या काय करताहेत? मी म्हटलं, आई तुमच्या वतीने पियानोची माफी मागते आहे. तो हसला नाही. तुझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या बोजड उच्चारात काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला गं?" पायऱ्या उतरताना तू विचारलंस.

"म्हणाला, लहानपणी त्यानेपण रागाने पियानोला लाथ मारली होती. त्याच्या आईने त्याला परत बसवलं."

तू बाबांनी आणलेलं लेमोनेड प्यालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली होती आणि पेटीवरचा कपडा काढलेला. "नमस्कार कर आणि बस," म्हणालीस. पुढे मंडळाच्या दर गणपतीत तू ती गोष्ट रंगवून सांगायचीस, त्याच्या आईने परत बसवलं म्हणून तो एवढा झाला, आणि मी माझ्या ताटातल्या बटाटेवड्याकडे बघत राहायचे.

आई, तो असलं काही म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, "तिला सांग, ह्या पियानोने मला जास्त लाथा घातल्यात." बाकीचं सगळं मी दोन पायऱ्यांत रचलं, कारण मला पेटी परत हवी होती. इतकी वर्षं मला वाटायचं, मी तुला फसवलं. आज त्या मुलीला परत पेटीसमोर बसवलं आणि एकदम लक्षात आलं: तू पोस्टात काउंटरवर काम करायचीस. दिवसभर तऱ्हेतऱ्हेचं इंग्रजी ऐकायचीस, आणि तो बोलला तेव्हा माझ्या शेजारीच उभी होतीस.

हे पाकिटात घालून करणार काय, पत्ता कुठला घालू? असू दे इथेच, वहीत. लाथ मारली त्याबद्दल सॉरी, आई, ते अजून म्हटलंच नव्हतं. थापेबद्दल म्हणणार नाही.