कुडा आणि काळा कुडा

दि. ९ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्याइतकाच हट्टी असल्यामुळे आमचं दोघांचं जमतं. तुम्ही तिघं कसे आहात, असं विचारणार होते. पण ते मला आधीच कळलंय, म्हणून उगाच विचारत नाही.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नकोस. तुझ्या जुन्या ट्रंकेत माझा पत्ता सापडला, म्हणून तिने लिहिलं. 'वन्सं, आपण एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण दुसरं विचारायचं कुणाला?' अशी सुरुवात आहे. अक्षर टपोरं आहे, शाळेतल्यासारखं. तिने लिहिलंय की वैशाखात ती तीन दिवस माहेरी गेली होती, तिचे वडील आजारी होते म्हणून. घरात तू आणि मुलगी. मुलीचा कान दुखत होता, अंगात ताप होता, डॉक्टरांनी दिलेली बाटली फळीवर होती. दिवसातून तीनदा एक एक चमचा. ती परत आली तेव्हा बाटली भरलेलीच. मुलगी तापाने फणफणलेली, उशीवर पू, आणि तू उंबऱ्यात बसलेला. 'का दिलं नाहीत?' विचारलं तर म्हणालास, 'माझ्या हाताला गुण नाही. माझ्या हातून दिलं की माणूस मरतं.'

मुलगी वाचली. पण डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही, असं ती लिहिते. आणि शेवटी एकच प्रश्न: 'यांच्या हातून कोण मेलं होतं?'

हे पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज कागद पुढे घेते आणि काहीतरी काम काढून उठते.

आमच्या औषधांच्या कारखान्यात सगळं तसंच आहे. नमुना खोलीतला पंखा अजून मान वाकडी करून फिरतो. साली-मुळ्यांची पोती आली की मी मूठभर माल काढते, भिंगाखाली बघते, मोडते, चावते, थुंकते आणि शिक्का मारते. डिसेंबरात मी निवृत्त होणार. माझ्या जागी एक मुलगी घेतली आहे. हुशार आहे, प्रश्न फार विचारते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "बाई, कुडा आणि काळा कुडा यांत लोक घोटाळा का करतात हो?" मी म्हटलं, "डोळे असून बघत नाहीत म्हणून." ती हसली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुला झाडांत कधीच रस नव्हता. तरी एवढं वाच. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुडा काही मोठं झाड नाही. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली की शेंड्याला हात लागावा, एवढंच. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. पान तोडलं की दूध येतं. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, फांदीच्या टोकाला झुबक्याने. शेंगा बारीक, हातभर लांब, दोन-दोन लटकणाऱ्या, पण प्रत्येक शेंग सुटी. आत लांबट बिया, प्रत्येकीला वाऱ्यावर उडण्यासाठी केसांचा झुपका. साल जाड, खडबडीत, आणि कडू. अशी कडू की पाण्याने चूळ भरली तरी तासभर जिभेवरून हलत नाही. जुलाबावर काढा करतात तो या सालीचा.

काळा कुडा त्याचाच भाऊबंद. त्याचीही पानं समोरासमोर, त्यालाही दूध, त्याचीही फुलं पांढरी. पण फुलाच्या मधोमध बारीक कातरलेली झालर असते, कुड्याला ती नसते. शेंगांच्या जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, चिमट्यासारखी. पान वाळलं की निळसर काळं पडतं. साल पातळ, गुळगुळीत. कुड्याच्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात, याच्या बियांना गोड इंद्रजव. आता तूच समज. याच्या सालीत तो कडूपणा नाही. ती विष नाही, पण त्या दुखण्यावरचं औषधही नाही.

फुलं असली की शाळेतलं पोरही दोघांतला फरक सांगेल. पण उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्ही झाडं बोडकी होतात. फूल नाही, पान नाही. उरतात नुसत्या काठ्या.

आई जुलाबांनी आजारी पडली ती नेमकी त्याच दिवसांत. आठ वर्षं झाली.

तुझी नोकरी तेव्हा सुटली होती, म्हणून घरी तू असायचास. आईचं सगळं तू केलंस. भांडं देणं, पुसणं, चादरी बदलणं. मुलगा असून केलंस म्हणून शेजारणीही कौतुक करायच्या. गल्लीतले डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की रक्त पडतंय, मोठ्या दवाखान्यात न्या. तूही तेच म्हणत होतास. मी म्हटलं, "मी काय औषधांच्या कारखान्यात झाडू मारते? अकरा वर्षं कुड्याची साल तपासतेय." कारखान्यातला माल वर्षाचा जुना असतो, आईला ताजी साल हवी, म्हणून मी स्वतः खाणीमागच्या टेकडीवर गेले. विळ्याने साल काढली, पिशवी भरून आणली आणि तुला सांगितलं, "एवढी साल, चार वाट्या पाणी, एक वाटी उरेपर्यंत उकळ. दिवसातून तीनदा."

ते झाड काळ्या कुड्याचं होतं.

हे वाक्य मी आठ वर्षांत कुठेही लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर फार छोटं दिसतं.

पानं नव्हती, घाई होती, झाड कोवळं होतं म्हणून साल गुळगुळीत असेल असं वाटलं, हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. तेवढ्यावर थांबले असते तर पत्र इथेच संपलं असतं आणि तू म्हणाला असतास, 'अक्का, चूक कुणाकडूनही होते.' तू तसं म्हणशील याचीच मला भीती आहे, म्हणून पुढचंही लिहिते.

त्या झाडावर शेंगांची एक जोडी उरली होती. अगदी वर. वाळलेली, टोकाला टोक लागलेली. मी ती पाहिली होती. पाहून मनात म्हटलं, वाळताना चिकटल्या असतील. पुन्हा वर बघितलं नाही.

काढा सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आई तुला म्हणाली, "अरे, हा कसला काढा? तुझ्या अक्काच्या कारखान्यात साखर घालतात की काय?" आपण तिघंही हसलो होतो. आठवतं? संध्याकाळी तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "अक्का, मी चाखून पाहिला. कडू लागत नाही." मी म्हटलं, "तापाने तिची चव गेलीय, आणि तुला चव कधी होतीच कुठे?" तू गप्प बसलास. तू माझ्यापुढे नेहमीच गप्प बसायचास. मला ते आवडायचं.

पाचव्या दिवशी मी उरलेल्या सालीचा तुकडा पर्समध्ये टाकून कामावर नेला. सगळे जेवायला गेल्यावर कपाटातला कुड्याचा खण उघडला. आधी खणातला तुकडा चावला, मग माझा. माझा कडू लागलाच नाही. भिंग लागलंच नाही.

धाकट्या, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आई जिवंत होती. शुद्धीत होती. घर वीस मिनिटांवर, मोठा दवाखाना त्याच्या पुढे दहा मिनिटांवर. मी खुर्चीवर बसून राहिले. दवाखान्यात पहिला प्रश्न येणार, 'काय देत होतात?' मग तुला सांगावं लागणार, साहेबांना कळणार. नमुने तपासणारी बाई स्वतःच्या आईला चुकीचा नमुना देत होती, असं खात्यातून खात्यात पसरणार. हे सगळं मी खरोखर बसून एकेक करून विचारात घेतलं. आणि मग खणातली खरी साल पिशवीत भरली, पाच वाजेपर्यंत काम केलं, आणि घरी आले.

घरात तू आईचे पाय चोळत होतास. मी सालीचा डबा रिकामा करून त्यात नवी साल ओतली आणि म्हटलं, "आजचा काढा मी करते." आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "आज कडू आहे गं."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला काहीच कळलं नव्हतं, तू नुसता विचारत होतास. आणि मी म्हटलं, "मग? इतके दिवस तू नीट उकळलाच नाहीस."

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू म्हणालास, "मी वाटीने मोजून उकळत होतो गं." मी म्हटलं, "मोजून उकळला असतास तर असा झाला असता का?"

दोन दिवसांनी आई गेली. माणसं जमली. मामांनी विचारलं, "एवढी औषधांतली बाई घरात असून असं कसं झालं?" सगळ्यांसमोर मी म्हटलं, "माझी साल बरोबर होती. याच्याकडून उकळण्यात हयगय झाली." तू भिंतीला टेकून उभा होतास. तेराव्यानंतर तू गेलास तो गेलासच. मामा अजून भेटतात तेव्हा म्हणतात, "पोरगा पहिल्यापासूनच बेफिकीर." मी मान हलवते.

पुढे पाऊस पडायच्या आधी मी टेकडीवर गेले होते. झाड फुलाने भरलं होतं. एक फूल तोडलं. मधोमध झालर होती. मला नवीन काही कळायचं नव्हतंच, तरी गेले. का, ते सांगता येत नाही.

तुझी काही चूक नव्हती. काढा तू अगदी बरोबर उकळत होतास. तुझ्या हातून कुणी मेलं नाही. हे पत्र बायकोला दाखव, तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. मामांनाही मी पत्र लिहीन. मुलीच्या कानाचं काय करता येईल ते मला माहीत नाही. तो कान माझ्याकडे लागतो, एवढं मात्र माहीत आहे.

क्षमा कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की पुढचं काम तुझ्यावर पडतं.

तुझी,
अक्का


दि. २ ऑगस्ट

अक्का,

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, मग हिला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ध्यावर कागद हिच्या हातात दिला, उरलेलं हिने वाचलं.

झाडाचं सगळं कळलं. शेंगा, झालर, बिया, सगळं. इतकं नीट समजावून सांगतेस की परीक्षा दिली तर पास होईन. पण एक गोष्ट तू लिहिली नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी मी रिक्षा दारात आणली होती. आईला उठवून बसवलं होतं. तिने चपला घातल्या होत्या. तू आतून आलीस आणि म्हणालीस, "काढ त्या चपला." मी वाकून काढल्या. रिक्षावाल्याला तूच परत पाठवलंस.

ते झाड ओळखायला तू चुकलीस, ठीक आहे, त्याचं मला काही नाही. खरंच नाही. पण तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं होतं, तुझ्याकडे नाही. मी वाकलो, हे माझंच आहे. ते तू घेऊ शकत नाहीस. मला ते तुला घेऊ द्यायचंही नाही.

बाकीचं मात्र आठ वर्षं मी वाहिलं, ते तुझं होतं. ते परत घे.

मामांना पत्र लिहू नकोस. त्यांच्या घरी जा, समोर बस आणि तोंडाने सांग. तेव्हा मी ज्यांच्यासमोर उभा होतो त्यांतले जे हयात असतील त्यांनाही बोलव. सांगून झालं की मला एक ओळ टाक. तेवढंच लिही, दुसरं काही नको.

परवा मुलीला पुन्हा ताप आला. ही कामावर होती. बाटली मीच उघडली. पहिला चमचा चादरीवर सांडला. दुसरा दिला. मग तासभर तिच्या छातीवर हात ठेवून बसलो, श्वास मोजत. ती झोपेत वैतागून म्हणाली, "बाबा, हात काढा ना, जड होतो." संध्याकाळी ताप उतरला.

तिला आत्या आहे हे आम्ही कधी सांगितलं नव्हतं. सांगावं की नाही, यावर आमच्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. ही म्हणते सांगूया. मी म्हणतो, थांब.

तू येऊ नकोस. मी बोलावेपर्यंत तरी नको. आणि बोलावेनच, असं समजून वाट बघत बसू नकोस.

तुझा, असं सवयीने लिहून गेलो होतो. खोडलं आहे.

धाकटा