बुधवार आणि गुरुवारच्या मधली फट

सोमवार, २५ ऑगस्ट
माझ्या मुलीचा, मिर्तेचा, तिसऱ्या वर्गातला पहिला दिवस. वय सहा, शाळा चौथ्या वर्षापासून. याच वर्षी वाचायला शिकणार, म्हणजे बिघडायचं ते याच वर्षी बिघडणार. आणि नेमक्या याच वर्षी वर्गाला दोन बाई. सोमवार ते बुधवार इर्मा बाई, गुरुवार-शुक्रवार नीन्के बाई. नोकरी एक, माणसं दोन.

हानेके म्हणाली, अर्ध्या देशातल्या शाळा अशाच चालतात, तू उगाच जीव खाऊ नकोस. बायकोला सगळंच सोपं वाटतं.

मी घाबरलेलो नाही. प्रश्न साधा आहे. बुधवारी एक बाई घरी जाते, गुरुवारी दुसरी येते. मधल्या फटीत माझी पोरगी पडली तर कोणाच्या लक्षात येणार? मी कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांवर काम करतो. पाळी बदलताना निरोप राहिला की पाणी कुठे शिरतं, ते मला विचारा.

आमचं घर बघा म्हणावं. दोघंही चार-चार दिवस कामाला. बुधवारी मिर्तेला मी आणतो, शुक्रवारी हानेके, बाकीचे दिवस पाळणाघर. आजवर एक घोळ नाही. पद्धत लागते.

संकल्प: शाळेत लुडबुड करायची नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

गुरुवार, २८ ऑगस्ट, सकाळी
नीन्के बाईंचा पहिला दिवस. वय फार तर पंचवीस. पिवळे बूट. ज्या बाईने माझ्या मुलीला अक्षरं शिकवायची तिचे बूट पिवळे.

वर्गाच्या खिडकीतून थोडा वेळ पाहिलं. बाईंनी हात केला, मीही केला. मग त्यांनी पडदा ओढून घेतला. ऊन येत असेल.
(पाऊस होता.)

मंगळवार, ९ सप्टेंबर
दोन रात्री धड झोप नाही. मिर्ते म्हणते शाळा छान आहे. मुलं असंच म्हणतात.

चाचणी घ्यायचं ठरवलं. आमच्या कामावर कालव्याच्या पाण्यात रंग सोडतात आणि तो पुढच्या दरवाज्याशी निघतो का पाहतात. तसंच. सकाळी इर्मा बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की मिर्ते कुत्र्यांना फार घाबरते. साफ खोटं. आता हे नीन्के बाईंपर्यंत पोचतं का बघू. पोचणार नाही, पैज लावतो. मग मुख्याध्यापकांशी बोलायला तोंड राहील.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
पोचलं.

आज वर्गात आंधळ्या माणसांना वाट दाखवणारा कुत्रा आणला होता. मुलांनी कुरवाळायचा म्हणून. नीन्के बाईंनी मिर्तेला प्रेमाने मागच्या कोपऱ्यात बसवलं, घाबरू नये म्हणून. पोरगी हमसून हमसून रडली. दोन वर्षं वाढदिवसाला कुत्राच मागतेय ती. हानेके तिला घेऊन आली ती फणफणतच. बाईंच्या डोक्यात हे कोणी भरवलं म्हणे? मी म्हटलं, दोन बाई असल्या की असे गोंधळ व्हायचेच.

जेवताना मिर्तेने विचारलं, बाबा, मी कुत्र्याला घाबरते का? नाही गं, म्हटलं. मग बाईंना का वाटलं तसं? सूप तसंच ठेवून उठलो.

निष्कर्ष: निरोप पोचतो, शब्द न् शब्द पोचतो, पण शहानिशा न करता पोचतो. हा तर आणखी मोठा धोका. भीती वाढली आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर
इर्मा बाईंना सांगितलं, मिर्तेची कुत्र्यांची भीती शनिवार-रविवारात गेली. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, नीन्केला कळवते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
मिर्ते दुधाच्या खोक्यावरचं वाचू लागली. आपोआप. (मी रोज खोका तिच्यासमोर ठेवतो, हे लक्षात घ्यावं.)

पण मन खातंच. इर्मा बाई शिंकत होत्या. उद्या त्या आल्याच नाहीत तर? कोण येणार, त्याला कोण काय सांगणार? हाच विचार करत होतो तेव्हा हानेके पाव कापता कापता या आठवड्याच्या बुधवार-शुक्रवारच्या अदलाबदलीबद्दल काहीतरी बोलत होती. हो हो म्हटलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर
मजा झाली. दुपारी शाळेच्या फाटकाशी पाहतो तर हानेकेही हजर, कामावरून सुट्टी काढून. लेकीची आठवण आली असावी. बरं वाटलं.

ती मात्र वैतागलेली. म्हणाली, शुक्रवार तरी तुझा, पक्कं ना? पक्कं म्हटलं, कारण तेवढ्यात इर्मा बाई दिसल्या आणि त्यांना सर्दी उतरली का ते विचारायचं होतं. उतरली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर, संध्याकाळी
आज लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

चारला कामावरून आलो. घरात कोणी नाही. हानेके मिर्तेला घेऊन बाजारात गेली असेल, असं वाटलं. चहा टाकला. शीळसुद्धा घातली. साडेचारला हानेके कामावरून आली, भिजलेली, एकटी. दोघांनी एकदमच विचारलं, “मिर्ते कुठाय?”

दोघंही फोन शोधायला धावलो.

शाळा सव्वातीनला सुटते. हानेकेच्या फोनची बॅटरी संपलेली. माझा कामाच्या पिशवीत, कारण दरवाज्यांवर फोन खिशात ठेवायचा नाही हा नियम मीच केलेला. शाळेचे पाच कॉल. ठेवलेला निरोप ऐकायचा धीर झाला नाही. सायकल काढली. वाटेत कालवा लागतो. रोज लागतो. त्याला कठडा नाही हे आज पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक वळणावर पाण्यात बघत गेलो. तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो, काय ते आठवत नाही. इतका आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

शाळा रिकामी, फक्त एका वर्गात दिवा. आत मिर्ते बसलेली, गालात ज्येष्ठमधाची काळी गोळी, आणि समोर इर्मा बाई. शुक्रवारी! नीन्के बाईंना त्यांच्या बाळाला पाळणाघरातून आणायचं होतं, म्हणून त्यांनी इर्मा बाईंना फोन केला. त्या पावसात सायकल मारत आल्या. येईपर्यंत नीन्के बाई हलल्या नाहीत. पोरगी एक मिनिट एकटी नव्हती.

मी तिला घट्ट धरलं. तीच माझी पाठ थोपटू लागली. म्हणाली, “बाबा, रडू नकोस. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे असं होतं.”

असं होतं म्हणे. इर्मा बाई खिडकीकडे बघत होत्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
पालकांची दहा मिनिटांची भेट. एरवी एक बाई असते, आज दोघी.

मिर्ते उत्तम शिकते आहे. वाचनात वर्गात पुढे. मैत्रिणी आहेत. नीन्के बाई म्हणाल्या, तिला एकच काळजी असते, आज न्यायला कोण येणार. इर्मा बाई म्हणाल्या, कुत्र्याचं तुम्हीच सांगितलं होतंत ना? हानेकेने वळून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

मी सांगणार होतो की मला या दोन बाईंच्या पद्धतीबद्दल फार दिवसांपासून काळजी वाटते. वेळ संपला होता.

वर्गात दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रं भिंतीवर लावतात. तशीच नीन्के बाईंनी मिर्तेकडून घरासाठी करून घेतली आहेत. आठवड्याचे खण, एक आईचा चेहरा, एक बाबाचा. माझ्या चेहऱ्याला कान फार मोठे काढलेत. सगळं फ्रीजवर लावलं.

जेवणानंतर मिर्तेने बुधवारच्या खणात माझा चेहरा ठेवला. विचारलं, “उद्या तू ना?” हो म्हटलं. “नक्की?” नक्की म्हटलं. शहाण्यासारखी मान डोलावून वर झोपायला गेली.

मी तिची पाण्याची बाटली घेऊन जिना चढत होतो. खोलीत ती हानेकेला हळूच विचारत होती, “आई, बाबा म्हणाला उद्या तो येणार. खरं आहे का?”