‘येतो’ म्हणून जा

वारासिवनी, ३ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
स. जयभीम वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की तूही रडतेस, मीही रडते. म्हणून लिहीत आहे. तुझे जावई लोकेश अजून हैदराबादला इमारतीच्या कामावर आहेत. मी तांदळाच्या मिलमध्ये जाते आणि दहा महिन्यांची तुझी नात शेजारच्या चंपाबाईकडे असते. पण खुशी कोणालाच आवरत नाही. एकदा रडू लागली की डोकं आपटते, दूध सांडते, उचलून घेतलं तरी शांत होत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी वजन केलं, ते बरोबर आहे. मी तर तिला रडवतही नाही. ती खेळात असली की पावलं न वाजवता सटकते.

चंपाबाईंनी हात जोडले. महिनाअखेरपर्यंत सांभाळीन, पुढे माझ्याच्यानं होणार नाही, म्हणाल्या. मिल सोडली तर खायचं काय? तू तिला राजेगावला घेऊन जा.

खुशीवर माया असू दे.
तुझी अंजू

राजेगाव, ९ फेब्रुवारी

चि. अंजू,
स. जयभीम आणि खुशीला गालगुच्चा.

पत्र वाचल्याबरोबर मी गोधडी उन्हात टाकली. नात घरी येणार म्हटल्यावर कोणत्या आजीला नको होईल? पण अगोदर एक ऐक.

तू एवढीशी होतीस तेव्हा धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावरच्या बाभळीला तुझा झोका असायचा. मी गुडघाभर चिखलात. तू रडलीस की तिथूनच ओरडायची, ‘येतो वं बाई, येतो!’ मग तू मूठ तोंडात घालून वाट बघत बसायचीस. बाया म्हणायच्या, शांताची पोरगी मोठी समजदार. समजदार कसली! बाकीच्या पोरांसारखीच भुकेली होतीस. पण ‘येतो’ म्हटलं की माय येते, एवढं तुला कळलं होतं. काय दिवस होते ते, अंजू! अजून त्या बाभळीखालून गेलं की मान आपोआप वर जाते.

एकदाच चुकले. वीटभट्टीवर गेले तेव्हा तुला बैहरला मावशीकडे ठेवलं आणि तू रडशील म्हणून झोपेतच सोडून निघाले. दोन महिन्यांनी परतले, तर तू मला बघून मावशीच्या पदरात तोंड लपवलंस. रडलीसुद्धा नाहीस. ते तुझं न रडणं मला आजही सोसत नाही.

म्हणून सांगते, सटकू नकोस. आपल्याकडे बायाही ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’च म्हणतात. तिच्या डोळ्यांसमोर ‘येतो’ म्हण, रडली तर रडू दे, आणि सांगितल्या वेळेला परत ये. नाहीच जमलं तर मार्चमध्ये तुझं पत्र आलं की पहिल्या बसने मी हजर.

फोनवर रडलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.
तुझी आई, शांता

वारासिवनी, ३ मार्च

ती. आईस,
स. जयभीम वि. वि.

बसमध्ये बसू नकोस!

पहिले चार दिवस खुशीने गल्ली डोक्यावर घेतली. चंपाबाई म्हणाल्या, तुझ्या मायच्या औषधानं तर रोगच वाढला. मी मुकादमाच्या हातापाया पडून दुपारची सुट्टी मागून घेतली आणि रोज धावत घरी आले. दुसऱ्या आठवड्यात ती रडली, मग चंपाबाईंनी ‘येतो म्हणून गेली न तुही माय’ म्हटल्यावर दाराकडे बघत मूठ चोखत बसली. तुझ्या बाभळीखालची अंजूच! आता चंपाबाई नळावर जातानाही तिला ‘येतो’ म्हणतात. त्यांची सून हसते, अम्मा जाती है और बोलती है येतो. महिना संपला, पण हात जोडायची गोष्ट त्यांनी काढली नाही.

आई, बैहरचं मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, तू बाजाराला निघालीस की मी तीनतीनदा विचारायची, कधी येशील? तू चिडायचीस. आणि दर वेळी यायचीस. बैहरलाही आलीसच ना? मग ते ओझं आता उतरव.

गोधडी मात्र उचलून ठेवू नकोस. बुद्धपौर्णिमेला आम्ही दोघी तिच्यावर लोळणार आहोत. शेवटी सवयीने ‘बाकी ठीक’ लिहिलं होतं, ते खोडून तुझाच शब्द लिहिते.

येतो, आई.
अंजू